बोलिव्हियाची लक्ष्मी

"आधी हात दाखव," वसुधा म्हणाली.

नीलाने दोन्ही तळवे पुढे केले. बोटांच्या पेरांत चिवड्याचं तेल होतं आणि उजव्या अंगठ्याला फुलबाजीची राख. वसुधाने तिला मोरीवर नेलं, साबण लावला, वर पोटॅशच्या गुलाबी पाण्यात हात बुडवून काढले आणि मगच व्हरांड्यात आजोबांसमोर चटईवर बसवलं. भाऊ हसत होते. त्यांनी आपलेही हात त्या गुलाबी पाण्यात बुडवले, पंचाला पुसले आणि उन्हात धरून सुनेला दाखवले.

"पास?"

"तसं नाही हो भाऊ," वसुधा ओशाळली. "पण या नोटा कुठकुठल्या बंदरांतून आल्यात. कुणी हाताळल्यात, त्यांना काय काय झालं होतं, देव जाणे. यंदाची फ्लूची साथसुद्धा बोटीतूनच आली म्हणतात."

"अगं, या नोटा ज्यांच्या खिशात होत्या ती माणसं तापाने गेली असली, तरी त्याला साठ-सत्तर वर्षं होऊन गेली. तो ताप पण आता म्हातारा होऊन मेला असेल."

भाऊंनी साड्यांच्या जुन्या खोक्याचं झाकण उघडलं. कडुनिंबाच्या सुकल्या पाल्याचा आणि वेखंडाचा वास आला. कागदाला कसर लागू नये म्हणून ते दर दसऱ्याला पाला बदलत. पाल्याखाली पातळ कागदाच्या घड्यांमध्ये नोटा होत्या. पेरूच्या, चिलीच्या, ब्राझीलच्या, बोलिव्हियाच्या. अंधेरीच्या त्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये जगाची सगळी पश्चिम बाजू साड्यांच्या खोक्यात राहत होती.

"डोळे मीट," ते नीलाला म्हणाले. तिचं बोट धरून त्यांनी एका नोटेवर अलगद टेकवलं. "काय लागतं?"

"खरखर."

"तो बाईचा पदर. पोलादावर कोरून छापलाय. शाई अजून कागदाच्या वर उभी आहे बघ. आता इथे?"

"इथे गुळगुळीत."

"ते तिचं कपाळ."

नीलाने डोळे उघडले. नोटेवरची बाई मांडीवर धान्याची पेंढी घेऊन बसली होती. मागे डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी खाण. ही बोलिव्हियाची. तिची बँक कधीच बुडाली होती, पण बाई निवांत होती.

"चिवडा हलवायचा सोडून नात-आजोबा मेलेल्या नोटा चिवडताहेत," आतून आजीचा, माईंचा आवाज आला. "त्या खोक्यातनं आजवर मेथीची एक जुडी आली असेल तर शप्पथ!"

"आली कशी नाही?" भाऊ ओरडून म्हणाले. "नोटांच्या बदल्यात जुड्या मी बाहेर दिल्या, एवढंच."

ते खरंच होतं. भाऊ, म्हणजे मार्तंड कर्णिक, जहाजांना माल पुरवणाऱ्या एका पेढीत कारकून होते. बंदरात बोट लागली की कांदे, बटाटे, साबण, दोरखंड घेऊन पेढीचे हमाल शिडीने वर चढत आणि त्यांच्यामागून सही घ्यायला भाऊ. आयुष्यभर ते बोटींवर चढले आणि तासाभरात उतरले. त्यांचा सगळ्यांत लांबचा जलप्रवास म्हणजे मार्व्याहून मनोरीपर्यंतची खाडीतली होडी. पण बोटीवरच्या स्वयंपाक्यांपाशी, खलाशांपाशी दूरदेशीच्या नोटा पडलेल्या असत. राज्यं बदललेली, बँका बुडालेल्या. कुठलाही सराफ त्यांना हात लावत नसे. त्या भाऊ घेत. चालू नोट कुणी पुढे केली तर ते हात मागे घेत. "जिचं काम अजून चाललंय तिला मी कशाला अडवू?" म्हणत. आणि नोट फुकट कधी घेतली नाही. स्वतःच्या पगारातून लिंबं, हिरव्या मिरच्या, विड्याची पानं नेत. महिनोन्‌महिने खारं मांस खाल्लेली माणसं ताजं लिंबू नुसतं हुंगत उभी राहत, हे भाऊ सांगत तेव्हा त्यांच्याच तोंडाला पाणी सुटलेलं दिसे.

वसुधा लग्न होऊन आली तेव्हा तिला हा एक छंद वाटला होता. तिच्या वडिलांना बुद्धिबळाचा होता, तसा. पण तिची नजर एकदा एखाद्या गोष्टीवर बसली की हलत नसे. मुलीच्या श्वासावर, दुधावरच्या सायीवर, व्हरांड्याच्या कठड्याच्या सैल झालेल्या गजावर. तशीच ती भाऊंच्या हातांवर बसली. पेढीत साहेबाच्या शिव्या खाऊन आलेला हा माणूस संध्याकाळी ते खोकं उघडी आणि त्याचे खांदे खाली येत. कुणाला दाखवायचं नाही, विकायचं नाही, मोठेपणा मिरवायचा नाही. कुठल्याशा देशाची लाज राखल्यासारखं तो त्या नोटा राखत होता.

आणि आता प्रथमच त्या कुणीतरी पाहणार होतं. फोर्टात जुनी नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्याचे एक सभासद, सोराबजी नावाचे पारशी गृहस्थ, भाऊंना फुटपाथवरच्या जुन्या सामानाच्या दुकानात भेटले. बोलता बोलता ते अंधेरीला आले, खोकं पाहिलं, एकेक नोट उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "मार्तंड, असा आखा सेट मी विलायतेत पण नाय पाह्यला." दिवाळीनंतर मंडळाचं प्रदर्शन भरणार होतं. खिडकीजवळची एक काचेची पेटी सबंध भाऊंची. खाली कार्डावर नाव. भाऊंनी ते नाव तीनदा सांगितलं नसतं तरच नवल. "श्री. मार्तंड कर्णिक, अंधेरी." मग स्वतःच हसत. "अंधेरी छापणार हं. पेढीच्या पगारपत्रकावर पण छापत नाहीत."

सोराबजी पाडव्याला सकाळी नोटा न्यायला यायचे होते. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दुपारी भाऊंनी निवड केली, निवडलेल्या नोटा वेगळ्या ताटात ठेवल्या आणि धोब्याकडून कोट आणायला, हजामत करायला बाहेर पडले.

"जपून जा हो," माई दारापर्यंत आल्या. "चढावर दम घेत जा."

श्रावणात भाऊंना फ्लू झाला होता. ताप उतरला, पण छाती मोकळी होईना. डॉक्टर मुलाला, शरदला, बाजूला घेऊन हृदयाबद्दल काही बोलले आणि शरदने ते आईला सांगितलं नाही. वसुधाने नवऱ्याच्या चेहऱ्यावरून ते वाचलं. माईंनीही वाचलंच असणार. त्या आजारपणात एक दिवस सहदेव आला होता. मालवणचा खलाशी, भाऊंचा जुना दोस्त. दारातच चपला काढून तो खाटेशी उकिडवा बसला आणि सदऱ्याच्या आतून एक पुडकं काढलं.

"भाऊनू, ह्या बघा तुमच्यासाठी काय हाडलंय. थय लांबच्या बंदरात एका दारवाच्या दुकानात भितीक चिकटवलेली होती. गरम पाण्यान सोडवन घेतलंय. म्हयनोम्हयने उशाखाली घेवन निजलंय, समजल्यात?"

हीच ती बोलिव्हियाची बाई. भाऊंना उठून बसवत नव्हतं, तरी ते बसले. नोट उजेडात धरली आणि त्यांच्या खोल गेलेल्या डोळ्यांत जे आलं ते माईंनी पाहिलं. औषधाचा चमचा हातात तसाच धरून त्या पाहत राहिल्या. त्या दिवसापासून "मेलेल्या नोटा" हा शब्द त्यांच्या तोंडी राहिला, पण त्यातला खार गेला. सहदेवाला मात्र त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

तिन्हीसांजेला वसुधा स्वयंपाकघरात होती. नीलाला फटाक्यांचा धूर लागू नये म्हणून तिने मागची खिडकी लावून घेतली, मुलीच्या कानांत कापसाचे बोळे घातले आणि लाह्या-बत्ताशांची वाटी घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली. दारातच थबकली.

माईंनी पूजा मांडली होती. चौरंगावर लक्ष्मीचा फोटो, कोरी केरसुणी, माईंच्या पाटल्या, यंदाच निघालेल्या नव्या पैशांची चळत. आणि चौरंगाभोवती, रांगोळीच्या आत, आंब्याच्या पानांवर एकेक करून भाऊंच्या नोटा. माई पाटावर बसल्या होत्या. डाव्या हातात कुंकवाची कोयरी, उजवी अनामिका ओली.

"माई!"

"ये, ये. झालंच आता." त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि शेवटच्या नोटेवर टेकवलं. "बघ, कशी दिसतात. बायांना हळद-कुंकू, पुरुषांना गंध. हा दाढीवाला कोण गं?"

"ब्राझीलचा बादशहा," वसुधाच्या तोंडून निघालं.

"मग त्याला अक्षता पण लावते."

वसुधा खाली बसली. बोलिव्हियाच्या बाईच्या गुळगुळीत कपाळावर, अगदी नेमकं मधोमध, कुंकवाचा ओला ठिपका होता आणि खाली हळदीचा. कागदाने तो पिऊन घेतला होता. कडेने पिवळी झाक पसरत चालली होती. एका नोटेवर डोंगरात उभं राहिलेलं लांब मानेचं जनावर होतं. त्याच्याही कपाळाला माईंनी गाईला लावावं तसं बोट लावलं होतं. एकही नोट सुटली नव्हती. माईंचं काम नेहमीच असं. पापड लाटले तर एकही दुमडलेला निघायचा नाही.

"माई, अहो, या उद्या प्रदर्शनात..."

"म्हणूनच तर." माईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे त्या दिवशी वेगळेच होते, हळदीकुंकवाच्या दिवशी असतात तसे. "इतकी वर्षं मी हिची हेटाळणी केली गं, वसू. घरात असून हिला कधी पाटावर घेतलं नाही. चालत नाही ती लक्ष्मी कसली, म्हणायची मी. पण यांच्या त्या दुखण्यात मी बघितलं ना. औषधाने नाही उठले, हिला बघून उठून बसले. आणि उद्या ती परक्या घरी जाणार. चारचौघांत बसणार. घरातली लेक काय कोऱ्या कपाळाने पाठवतात?"

वसुधाने बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. असला प्रश्न तिथे कधी आला नव्हता.

माई नैवेद्य आणायला आत गेल्या तशी तिने शरदच्या टेबलावरून टीपकागद ओढला. एक कोपरा त्या ओल्या कुंकवाशी नेला आणि थांबली. दाबलं तर पसरेल. ओढलं तर सोललं जाईल. ती तशीच वाकलेली असताना दाराची कडी वाजली.

भाऊ आत आले. हातावर कोट, गाल गुळगुळीत, कानामागे न्हाव्याच्या पावडरीचा पांढरा पट्टा. ते चौरंगाकडे बघत उभे राहिले. वसुधाला वाटलं, आता हा माणूस छाती धरून खाली बसणार. डॉक्टरांचं घर कुठल्या गल्लीत, आज ते पूजेत असतील की बाहेर, शरद किती वाजता येणार, सगळं तिच्या डोक्यातून एका दमात धावून गेलं.

भाऊंनी कोट खुंटीला लावला. सुरकुती पडू नये म्हणून बाही ओढून नीट केली. पाय धुऊन आले. पाटावर बसून एकेका नोटेवरून नजर फिरवली, अगदी शेवटपर्यंत.

माई नैवेद्याची वाटी घेऊन बाहेर आल्या आणि नव्या नवरीसारख्या घुटमळल्या. "बघितलंत?"

"बघतोय." भाऊंनी पुढे वाकून पाहिलं. "लामालासुद्धा लावलंस?"

"कोण लामा? ती मेंढी होय? लावलं ना. ती तेवढी कशाला राहू दे?"

"बरं केलंस," भाऊ म्हणाले. "तिला कुणी लावलं नसतं एरवी."

माई हसल्या. इतक्या मोकळ्या हसल्या की वसुधाने मान खाली घातली. तिला भाऊंचा अंगठा दिसत होता. तो पाटाची कड पुन्हा पुन्हा घासत होता. मग तो थांबला, हात वर आला आणि भाऊंनी लक्ष्मीला अक्षता वाहिल्या.

इतक्यात शरद आला. दारातूनच त्याने पाहिलं. "आई! अगं काय केलंस हे? वाट लागली, सगळ्या..."

"शरद," भाऊ वळलेही नाहीत. "पाय धुऊन ये. आरती थांबलीय."

शरद काही बोलणार होता. वसुधाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने मोरीकडे गेला.

सोराबजी पाडव्याला उजाडताच आले, पांढरा डगला, डोक्यावर फेटा, हातात चामड्याची सपाट पेटी. "साल मुबारक" वगैरे झालं. माई फराळाचं करायला आत गेल्या. भाऊंनी ताट पुढे केलं. सोराबजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मार्तंड," ते हळूच म्हणाले. "हे कोणे केला?"

वसुधा आतल्या दाराशी नीलाला दूध पाजत होती. तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं. माईंचा हेतू, कोरं कपाळ, लेक, सगळं. सोराबजी शिकलेले आहेत, समजून घेतील. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊंनी मान किंचित हलवली.

"आमच्या घरात झालं," ते म्हणाले. "म्हणजे मीच केलं, असं समजा."

"तू? तू बोट लावताना हात धुतो, आन तू कंकू लावला?" सोराबजींचा आवाज चढला. "साला, लिलावात नाय मिळत ही नोट! समदा तर दाखवायचा होता. पेटी रिकामी ठेवली तुझ्यासाठी. लोकला काय सांगू?"

सोराबजींनी खिशातून भिंग काढलं आणि बोलिव्हियाच्या बाईवर धरलं. राग हळूहळू कामात बुडाला. त्यांनी नोट तिरपी करून पाहिली, उलटी करून पाहिली.

"थांब. पाठी नाय उतरला. कागद चांगला आहे." त्यांचा चेहरा उजळला. "ऐक. फोर्टात एक मानस आहे, जुना नकाशा, जुना चित्र धुते. दवा हाय त्याच्याजवळ. मी आजच घेऊन जाते. चार दिसात काम होऊन जाएल. थोडा फिका पडेल, पण चालेल. पेटी तुझीच, नाव तुझा."

भाऊंनी झटकन वर पाहिलं. वसुधाने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. भूक लागलेल्या मुलाने ताटाकडे पाहावं तसं. तिच्या छातीवरचा दगड उतरला. सगळं निभावलं. कुणाला काही कळायला नको, दुखायला नको. औषध असतं तर वाट कसली बघायची?

"खरंच निघेल?" भाऊंनी विचारलं.

"अरे हो! एकेक बाईचा कंकू असा पुसून काढू की समजणार पण नाय कधी होता. कपाळ एकदम कोरा."

दारात काहीतरी वाजलं. माई फराळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताट एका बाजूला कललं होतं आणि करंज्या घसरत कडेला येऊन थांबल्या होत्या. वसुधाने दुधाचा पेला खाली टाकून ताटाला हात लावला. माई सोराबजींकडे बघत नव्हत्या, नोटांकडे बघत नव्हत्या. त्या भाऊंकडे बघत होत्या, श्रावणात खाटेशी बसून बघत असत तशा. आज पाडवा होता. थोड्या वेळाने त्या नवऱ्याला ओवाळणार होत्या.

त्यांना कुणी काही समजावून सांगू शकलं असतं. कागद आहे माई, शाई आहे, परदेशातली चित्रं आहेत. वसुधालाच ती वाक्यं सुचत होती. आणि ती मनातल्या मनात बोलून बघताना तिला कळलं, की 'कुंकू पुसणं' हे शब्द आपल्याही तोंडून निघत नाहीत.

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग सोराबजींच्या हाताखालून ताट अलगद आपल्याकडे ओढलं.

"नको, सोराबशेठ."

"काय नको?"

"औषध नको. राहू दे आहे तसं."

"पागल झाला काय? असा शोमध्ये नाय ठेवता येणार, मार्तंड. कमिटी मला काढून टाकेल."

"कळतंय मला. ठेवू नका."

"तीस वरस तू..."

"आमच्यात कुंकू लावतात शेठ. पुसायला देत नाहीत." भाऊ हे अगदी साध्या आवाजात म्हणाले, बाजारात भाव सांगावा तसं. "तुम्ही आलात, बघितलंत, बरं वाटलं. बसा. करंजी घ्या. आमच्या घरची करंजी बघण्यासारखी असते."

सोराबजींनी एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा दारातल्या बाईकडे. काय कळलं, किती कळलं, देव जाणे. पण त्यांनी भिंग खिशात ठेवलं. करंजी घेतली. मग, न विचारता, दुसरी घेतली. जाताना माईंना वाकून नमस्कार केला आणि रिकामी चामड्याची पेटी काखेत मारून ते व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले.

"नेणार नाहीत का हो ते?" माईंनी विचारलं.

"जागा कमी पडतेय म्हणाले."

"मग औषध कसलं म्हणत होते?"

"कसरीचं. आपला पाला आहे की."

माईंनी वसुधाकडे पाहिलं. वसुधा फरशीवर सांडलेलं दूध पुसत होती. तिने डोकं वर केलं नाही. ज्या घरात ती रोज कसली ना कसली भीती शोधत हिंडे, तिथे हा माणूस बायकोच्या भीतीला किती सहज पाठीशी घालतो, हे तिने आत्ताच पाहिलं होतं आणि ते कुणाशी बोलण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी माईंनी भाऊंना ओवाळलं. निरांजनाचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर फिरत होता. भाऊंनी तबकात रुपया घातला, खणखणीत, चालू.

प्रदर्शन भरलं तेव्हा भाऊंनीच जायचं काढलं. वसुधाला वाटलं होतं, ते त्याचं नावही काढणार नाहीत. पण रविवारी त्यांनी कोट घातला, नीलाला लोकरी टोपी घालायचा वसुधाचा हट्ट पुरवला आणि सगळ्यांना घेऊन फोर्टात आले. दिवाणखाना उंच छताचा, गुळगुळीत फरशीचा. माणसं कुजबुजत चालत होती. काचेखाली मोगलांचे रुपये, पोर्तुगिजांची नाणी, लढाईतल्या ब्रह्मदेशातल्या नोटा.

भाऊ एकही पेटी सोडत नव्हते. हात पाठीमागे बांधून, काचेपासून जरा दूर वाकून ते प्रत्येक कार्ड वाचत. "ही बघा," माईंना सांगत. "काय जपलीय! एक घडी नाही." त्यांच्या आवाजात खोट नव्हती. वसुधा ती शोधत होती, सापडली नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या यशाबद्दल बोलावं तसे ते बोलत होते आणि तेही खरंखुरं.

खिडकीजवळच्या पेटीपाशी मात्र ते जरा सावकाश झाले. तिथे चीनच्या नोटा मांडल्या होत्या. चांगल्या होत्या, पण पेटी मोठी होती आणि नोटा लांब लांब ठेवून जागा भरली होती.

नीलाने काचेला नाक लावलं. "आजोबा, आपल्या नोटा कुठायत?"

"घरी आहेत. देवाजवळ."

माई एक पाऊल मागे उभ्या होत्या. त्यांनी त्या नोटा पाहिल्या, शेजारच्या पेटीतल्या पाहिल्या, मागे वळून भिंतीकडेच्याही पाहिल्या. सगळ्या स्वच्छ. कुणाच्याही बोटाची खूण नसलेल्या.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या. "इथे कुठल्याच नोटेला कुणी बोट लावलेलं दिसत नाही."

"नाही लावत."

"लावलेलं चालत नाही का?"

भाऊंनी चष्मा वर सरकवला. "यांना चालत नाही," ते म्हणाले.

माईंनी मान हलवली. नीलाच्या नाकाने काचेवर धुक्याचा गोल उमटवला होता. त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि तो पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला. डाग गेला होता तरी पुसत राहिल्या, तशा भाऊंनी त्यांचा हात नुसता थांबवला. चारचौघांत धरला नाही, थांबवला.

"खाली काय लिहिलंय?" माईंनी विचारलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

पेटीच्या खाली छोटं पांढरं कार्ड होतं. भाऊ वाकले. वसुधाने नीलाला जवळ ओढून घेतलं.

"नाव आहे," भाऊ म्हणाले. "ज्यांनी जमवल्या त्यांचं." आणि त्यांनी ते परक्या माणसाचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत, गावासकट, बायकोला स्पष्ट ऐकू जाईल असं वाचून दाखवलं.